वेध, वेळ आणि कर्नेलचा उंबरठा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते आम्हांस गणित शिकवीत. उत्तर बरोबर आले तरी ते कोठून आले, हे विचारल्यावाचून पुढे जात नसत. आजचा विषय त्यांना आवडला असता असे मला वाटते. प्रोग्रॅम आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, यांच्यात माहितीची देवघेव कशी होते, हा तो विषय. उदाहरण मी उज्जैनचेच घेतो, वेळेचे.

सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेल्या आपल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार 1923 साली माधवराव शिंदे यांच्या काळात झाला. गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक. तेथील सम्राट यंत्राची सावली उज्जैनची स्थानिक वेळ दाखविते. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि आपण 75.8 अंशांच्या आसपास. म्हणून सुमारे 27 मिनिटांचा फरक, शिवाय सूर्याच्या गतीमुळे दररोज बदलणारा आणखी थोडा. तो कोष्टकावरून मिळवावा लागतो. सावलीला प्रमाणवेळ ठाऊक नसते.

कर्नेललाही ती ठाऊक असण्याची गरज नसते. युनिक्स परंपरेतील कर्नेल 1 जानेवारी 1970 च्या जागतिक मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजते, इतकेच. त्यांत साडेपाच तासांचे 19,800 सेकंद मिळवून तुमच्या पडद्यावर वेळ दाखविणे हे कर्नेलबाहेरच्या कोष्टकाचे काम.

पण ते सेकंद प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतात कसे? यंत्रसामग्रीला हात लावण्याचा अधिकार प्रोग्रॅमला नाही. तो ठरलेल्या जागी मागणीचा क्रमांक ठेवतो, ‘उत्तर येथे लिहा’ म्हणून मेमरीतील एक पत्ता देतो आणि एक विशेष आज्ञा देतो. प्रोसेसर अधिकाराची पातळी बदलून कर्नेलच्या एकाच नेमलेल्या दारातून आत शिरतो. यालाच सिस्टिम कॉल म्हणतात.

खरी मेख त्या पत्त्यात आहे. प्रोग्रॅमने लबाडीने कर्नेलच्याच मेमरीतला पत्ता दिला तर? कर्नेलला सर्वत्र लिहिण्याचा अधिकार असतो. न तपासता लिहिले, तर ते परक्याच्या सांगण्यावरून स्वतःचेच दप्तर खराब करील. म्हणून लिनक्समध्ये पत्ता प्रोग्रॅमच्या हद्दीतला आहे ना, हे आधी पाहतात आणि मगच माहिती उतरवितात. ही शंका काल्पनिक नव्हे. 2017 साली लिनक्सच्या 4.13 या आवृत्तीत ‘वेटआयडी’ नावाच्या कॉलमधून नेमकी हीच तपासणी गळली होती आणि साध्या वापरकर्त्यालाही कर्नेलच्या मेमरीत लिहिण्याची वाट मिळाली होती. त्याच वर्षी ती दुरुस्त झाली.

माहिती आत घेताना दक्षता आणखी वेगळी. आधी ती आपल्याकडे उतरवून घ्यायची आणि मग ती प्रत तपासायची. प्रोग्रॅमच्या जागेतच तपासून नंतर पुन्हा तेथूनच वाचली, तर मधल्या क्षणी त्याच प्रोग्रॅमचा दुसरा धागा ती बदलू शकतो. कागद तपासून अर्जदाराच्या हाती परत द्यावा आणि सही करताना तोच पुन्हा मागून घ्यावा, असा हा प्रकार.

वेळ मात्र इतक्यांदा विचारली जाते की प्रत्येक वेळी उंबरठा ओलांडणे महाग पडते. त्यावर काढलेली युक्ती मला फार सुंदर वाटते. कर्नेल वेळेच्या नोंदीचे एक पान प्रत्येक प्रोग्रॅमला फक्त वाचण्यासाठी उघडे ठेवते. सम्राट यंत्रासारखेच ते: पाहावे कोणीही, हलवू नये कोणी. वाचत असतानाच कर्नेलने नोंद बदलली तर? त्यासाठी पानावर एक आकडा असतो. वाचण्यापूर्वी आणि वाचल्यानंतर तो सारखा आढळला नाही, तर पुन्हा वाचायचे.

आता चिंतेची बाब. अनेक जुन्या संगणकांत हे सेकंद 32 बिटांत मावविले होते. ती जागा 19 जानेवारी 2038 रोजी, आपल्याकडे सकाळचे 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंद झाल्यावर संपेल आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ डिसेंबर 1901 दाखवील. उज्जैनकरांच्या हिशेबाने 2028 आणि 2040 च्या सिंहस्थांच्या मधले ते वर्ष. मग आताच जागा वाढवून का टाकू नये? कारण जुना प्रोग्रॅम उत्तरासाठी जुन्याच मापाची जागा राखून ठेवतो. कर्नेलने मोठा आकडा लिहिला तर तो शेजारच्या माहितीवर सांडेल. म्हणून 2019 साली लिनक्सच्या 5.1 आवृत्तीत जुने कॉल तसेच ठेवून त्यांच्या शेजारी 64 बिटांचे नवे कॉल दिले गेले. ते वापरायचे तर प्रोग्रॅम नव्याने बांधावे लागतात, आणि कित्येक छोट्या यंत्रांतले प्रोग्रॅम बांधणारे आता शोधूनही सापडणार नाहीत.

विद्यार्थ्यांना हे प्रयोगशाळेत पाहता येईल. जुना 32 बिटांचा संगणक घ्यावा, त्यावरील कामाची माहिती दुसरीकडे उतरवून ठेवावी, घड्याळ त्या सकाळच्या 8 वाजून 43 मिनिटांवर लावावे आणि कोणता प्रोग्रॅम काय उत्तर देतो, याची नोंद वहीत करावी.