नोंदवहीतली ‘उलट उत्तरे’
(स्वागताध्यक्षीय भाषण)



 करोल बागेच्या या सोन्याचांदीच्या पेठेत मराठी बोली नवी नाही. खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, कामासाठी आलेली कुटुंबे इथे रुळली आणि दिल्लीकर झाली. परिषदेला आलेल्या पाहुण्यांची उठबस हीच मंडळी करणार आहेत.

बंदिवान स्त्री-पुरुषांचे वर्तन आणि शिस्तभंग हा परिषदेचा विषय. इथून मेट्रोच्या ब्लू लाइनने टिळक नगरला उतरले की तिहार जवळच. १९५८ पासूनच्या या कारागृहातला सहावा क्रमांक बायकांचा. किरण बेदी महानिरीक्षक असताना, १९९४ च्या एप्रिलमध्ये, तिहारमध्ये हजाराहून अधिक बंदी विपश्यनेला बसले. तिहारचा विषय निघाला की ही हकीकत निघतेच. सहा नंबरातल्या बायकांना कशाबद्दल शिक्षा होते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

२०२२ अखेर देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांत स्त्रिया २३,७७२, म्हणजे शंभरात चार. तेव्हा खास स्त्रियांची कारागृहे अवघी ३४ होती. बाकी बहुतेक जणी पुरुषांच्या कारागृहातल्या एखाद्या वेगळ्या आवारात राहतात. पुरुषांसाठी आखलेल्या व्यवस्थेतच त्यांचे दिवस जातात.

नियमही तसेच. १८९४ च्या कारागृह कायद्याच्या ४५ व्या कलमात कारागृहातल्या गुन्ह्यांची यादी आहे : हुकूम न मानणे, धमकी किंवा अपमानाची भाषा, कामात कुचराई, दुखण्याचे सोंग, मनाई असलेली वस्तू जवळ बाळगणे, पळून जाण्याचा कट. पुढच्या कलमाने स्त्रियांना बेड्या आणि फटके यांतून वगळले. शिक्षेत मिळणाऱ्या माफीचे दिवस कापण्याची शिक्षा मात्र त्यांनाही लागू राहिली.

या यादीतले काही गुन्हे डोळ्यांना दिसतात. चाकू सापडतो किंवा सापडत नाही. तिहारमध्ये २ मे २०२३ रोजी एका टोळीप्रमुखाला विरोधी टोळीच्या बंदींनी भोसकून मारले. टोळी, हत्यार आणि वर्चस्वासाठी रक्तपात ही पुरुषांच्या बराकीतली मोठी डोकेदुखी आहे. बायकांच्या बराकीतही नळावर, झोपायच्या जागेवरून जुंपते, कधी हातघाईवर येते. टोळीयुद्धाचे असे प्रसंग मात्र तिथे विरळ. याउलट ‘हुकूम मानला नाही’, ‘उद्धटपणे बोलली’ हे गुन्हे ऐकणाऱ्याच्या कानावर ठरतात. शिक्षांच्या नोंदवहीत बायकांची नावे चढतात ती बहुधा याच रकान्यात.

अमेरिकेत टेक्सासच्या कारागृहांवरचा डोरोथी मॅक्लेलन यांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. किरकोळ गोष्टींसाठी पुरुषांपेक्षा बायकांवर अधिक ठपके आणि शिक्षाही अधिक कडक, असे त्यात दिसले. ठपके कसले? रांगेत बोलली. ताटातले सगळे संपवले नाही. आतले कपडे वाळत घातले. घरच्यांचे फोटो मर्यादेपेक्षा जास्त लावले. २०१८ मध्ये एनपीआर या रेडिओसंस्थेने अनेक राज्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही बेअदबी आणि अवज्ञा अशा लहान गुन्ह्यांसाठी बायकांनाच जास्त वेळा शिक्षा झालेली आढळली. पुरुषाने आवाज चढवला तर ‘तो तसाच’ म्हणून सोडून देतात. बाईने चढवला की ती हाताबाहेर गेली. घरातली ही रीत गणवेश घालून बराकीत शिरते.

बाईने आवाज उठवला की काय होते, हे मुंबईच्या भायखळ्यात दिसले. जून २०१७. तिथल्या स्त्रियांच्या कारागृहात वॉर्डरचे काम पाहणाऱ्या एका शिक्षाबंदी बाईने नाश्त्याच्या हिशेबात दोन अंडी आणि पाच पाव कमी असल्याची तक्रार केली. त्यानंतर तिला बेदम मारहाण झाली आणि त्यातच तिचा मृत्यू झाला, असा आरोप आहे. सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी बायका गच्चीवर चढल्या, घोषणा दिल्या, कागद जाळले. आणि दोनशेच्या वर जणींवर दंगलीचा गुन्हा नोंदला गेला. कागदावर ही दंगल आहे, आणि कायद्याने तो शिस्तभंगही आहे. पण आपल्यातल्या एकीच्या मृत्यूचा जाब विचारायला दुसरी कोणती वाट त्यांना उघडी होती, हे त्या नोंदीतून कळत नाही.

ते कळायला बायकांशी बोलावे लागते. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कारागृहात पंधरा स्त्रियांना भेटून विचारले, तेव्हा पाच जणींनी पोलीस कोठडीतल्या मारहाणीबद्दल सांगितले. बारसेंच्या पत्रावरूनच १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि स्त्री-पोलिसांचा पहारा यांचे निर्देश दिले.

म्हणून या परिषदेकडे स्वागत समितीची तीन मागण्या आहेत. प्रत्येक कारागृहाने शिक्षांची नोंद स्त्री-पुरुष अशी वेगळी आणि गुन्ह्याच्या प्रकारानुसार दरवर्षी जाहीर करावी. ‘उद्धट वर्तन’ एवढ्या दोन शब्दांवर कोणाचीही माफी कापली जाऊ नये; नेमके काय घडले ते लिहावे आणि त्या बंदीचे म्हणणेही खाली लिहावे. तिसरी गोष्ट मुलाबाळांची. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये मंजूर केलेल्या बँकॉक नियमांपैकी तेविसावा नियम सांगतो, की शिक्षा म्हणून स्त्रीची घरच्यांशी, विशेषतः मुलांशी, भेट बंद करू नये. हा नियम प्रत्येक राज्याच्या कारागृह नियमावलीत शब्दशः यावा.

सभागृहात कारागृह अधिकारी मोठ्या संख्येने बसले आहेत, याचे स्वागत समितीला विशेष समाधान आहे. अपुऱ्या माणसांत बराक सांभाळण्याची त्यांची ओढाताण पहिल्या सत्रात त्यांच्याच तोंडून ऐकायची आहे. दुपारच्या सत्रात कारागृहातून सुटून आलेल्या भगिनी बोलतील. त्यांचे फोटो आणि चित्रीकरण कोणी करू नये, ही आग्रहाची विनंती. अध्यक्षांनी आता सूत्रे हाती घ्यावीत.