जवळच्या सर्व्हरचे मोल

संकेतस्थळांना सर्व्हरवर भाड्याने जागा देण्याचा, म्हणजेच वेब होस्टिंगचा, धंदा करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील लहान व्यापाऱ्यापुढे एक विलक्षण पेच असतो. गिऱ्हाईक सिडनीत, प्रतिस्पर्धी अमेरिकेत! मालाला जहाजभाडे नाही. गिऱ्हाईक घरबसल्या दोन्ही दर पडताळून पाहते.

या दरांत तफावत पडते ती केवळ व्यापाऱ्याच्या लोभामुळे नव्हे. क्लाउडफ्लेअर कंपनीने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत ऑस्ट्रेलियातील घाऊक इंटरनेट-वाहतुकीचा दर युरोपच्या सुमारे २० पट होता. सागरतळाच्या लांब तारा खर्चिक खऱ्याच; पण त्या कंपनीने बोट ठेवले ते टेल्स्ट्रा या बड्या दूरसंचार कंपनीच्या वर्चस्वावर.

अशा स्थितीत अमेरिकन दराशी बरोबरी करू जाणारा बहुधा बुडतो. त्याने विकावयाचे ते सामीप्य. कॅलिफोर्निया सिडनीहून सुमारे १२,००० किलोमीटर दूर; काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर धावतो. म्हणजे एका खेपेस जाऊन येण्यास निदान १२० मिलिसेकंद हवेतच, आणि एक पान उघडण्यास अशा कित्येक खेपा होतात. ऑनलाइन दुकानदाराला हा विलंब झोंबतो. रविवारच्या मिस्साची वेळ कळवणाऱ्या चर्चला तो जाणवणारही नाही. तेव्हा चर्चला स्वस्त दर द्यावा, दुकानदाराकडून वेगाचे मोल घ्यावे. वाहतूक मात्र मोजूनच विकावी. ‘अमर्याद’ अशी पाटी लावली, की एकच खादाड गिऱ्हाईक महिन्याचा नफा गिळून टाकते.