हमिंग आणि तिसरी तार

घराघरांत जुन्या कॅसेटी पडून आहेत. कुठे आजोबांचं कीर्तन, कुठे बारशाचा गोंगाट. त्या खराब व्हायच्या आत संगणकात उतरवून ठेवाव्यात असं पुष्कळांना वाटतं, आणि ते योग्यच आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे त्यांच्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. एका रविवारी त्यांनी डेक संगणकाला जोडला आणि कॅसेटच्या दोन्ही बाजू उतरवून घेतल्या. नंतर पुन्हा एकदा ऐकावी म्हणून कॅसेट लावली, तर टेप डेकमध्ये अडकली आणि तुटली. उरली ती संगणकातली फाईल. तिच्यात ओव्यांच्या मागे पहिल्यापासून शेवटपर्यंत घूंऽऽ असा आवाज. जात्याची घरघर नव्हे, विजेचं हमिंग!

हा आवाज मागाहून काढता येत नाही का? येतो, पण किंमत मोजून. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. त्यामुळे हमिंग ५० हर्ट्झवर आणि त्याच्या पटीत, म्हणजे १००, १५० असं पसरलेलं असतं. जात्याची घरघरही बरीचशी याच खालच्या पट्टीत. हमिंग गाळायला जावं तर जातंही थोडं थोडं गाळलं जातं. म्हणून ते मुळात आत शिरू न देणं बरं.

ते शिरतं कुठून? डेकपासून साऊंड कार्डापर्यंत जी वायर जाते, तिच्यात प्रत्येक बाजूसाठी एक आतली तार असते आणि तिच्याभोवती जाळी. आवाजाचा संदेश आतल्या तारेनं जातो आणि जाळीवाटे परत फिरतो. म्हणजे बाहेरचा उपद्रव अडवणारी भिंत आणि परतीचा रस्ता, दोन्ही कामं एकट्या जाळीकडे. या जोडणीला अनबॅलन्स्ड म्हणतात. घरातली बहुतेक सगळी जोडणी अशीच असते आणि मीटर-दोन मीटरपर्यंत ती उत्तम चालते, हेही सांगितलं पाहिजे.

या गृहस्थांचा डेक ॲम्प्लिफायरला जोडलेला होता. ॲम्प्लिफायरचा थ्री-पिन प्लग एका भिंतीवर, संगणकाचा समोरच्या. दोन्हींचं अर्थिंग शेवटी जमिनीतच जातं, पण दोन ठिकाणचा विजेचा दाब अगदी सारखा नसतो. ऑडिओ वायरनं दोन्ही यंत्रं जोडली, की त्या वायरच्या जाळीतून विजेचा बारीकसा प्रवाह वाहू लागतो आणि परतीच्या वाटेवर असलेल्या संदेशात मिसळतो. साऊंडवाले याला ग्राउंड लूप म्हणतात. घरगुती यंत्रांचा लाईन सिग्नल साधारण ०.३ व्होल्टचा. त्याच्या हजाराव्या हिश्शाची भेसळसुद्धा दोन ओव्यांमधल्या शांततेत कानाला टोचते.

रेडिओच्या स्टुडिओत मायक्रोफोनची वायर वेगळी असते. तिच्यात दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या, आणि जाळी निराळी. पलीकडच्या टोकाचं सर्किट या दोन तारांमधला फरक तेवढाच घेतं. वाटेत शिरलेला उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच चढतो; सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य. संदेश मात्र फरकाच्याच रूपात असल्यानं तो शाबूत राहतो. हीच बॅलन्स्ड जोडणी. एका तारेवर सुलटा आणि दुसरीवर उलटा संदेश, असं तिचं वर्णन सर्रास करतात. पुष्कळदा तसं असतंही, पण खरी गोम ती नाही. दोन्ही तारांचा जमिनीशी असलेला इम्पिडन्स सारखा हवा; तो सारखा, तरच उपद्रवही सारखा. ही युक्ती मुळात टेलिफोनवाल्यांची. पिळलेल्या तारांच्या जोडीचं पेटंट ग्रॅहम बेल यांनी १८८१ सालीच घेतलं होतं.

आता खरी फसगत. संगणकाच्या साऊंड कार्डाची ३.५ मिलिमीटरची पिन पाहा. तिच्यावर तीन भाग दिसतात. तीन भाग म्हणजे तीन तारा, म्हणजे बॅलन्स्ड, असं समजून चालू नका! तिथे टोक डाव्या आवाजाचं, मधलं कडं उजव्याचं आणि खालचा भाग दोघांच्या परतीचा. अशी पिन जोडणी बदलून मिक्सरच्या बॅलन्स्ड खोबणीत घातली, तर मिक्सर इमानानं आपली वजाबाकी करतो. डाव्यातून उजवा वजा. गाण्यात गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून नेमका तोच नाहीसा होतो आणि वाद्यांचं काहीतरी मागे उरतं. उलट दिशेनंही हेच. मिक्सरचं बॅलन्स्ड आउटपुट तसंच संगणकात घेतलं तर एका बाजूला सुलटा आवाज, दुसऱ्या बाजूला उलटा. हेडफोनवर तो थोडा विचित्र वाटतो, इतकंच. पण एकाच स्पीकरच्या मोबाईलवर लावा, भाषण गायब! अशा वेळी फाईल फेकून देऊ नका. संगणकावर एक बाजू पुसून दुसरी दोन्हीकडे ठेवली, की आवाज परत येतो.

शिवाय स्टुडिओच्या यंत्रांचा लाईन सिग्नल १.२३ व्होल्टच्या आसपास, घरगुतीच्या जवळपास चौपट. तो कमी न करता संगणकात घेतला तर आवाज फाटतो.

मग बॅलन्स्ड कार्ड विकत घ्यावं का? डेकच जर अनबॅलन्स्ड असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही, आणि महागड्या वायरींवर पैसे घालण्यात तर मुळीच अर्थ नाही. आधी सगळे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून ऐका. हमिंग थांबलं, तर लूप सापडला. तरीही भागलं नाही तर दोन्हींच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. तो आवाज पुढे जाऊ देतो, पण दोन जमिनींची गाठ पडू देत नाही. माऊस हलवला की किरकिर होत असेल, तर ती संगणकाच्या पोटातली. तिच्यावर इलाज म्हणजे बाहेरून लावायचं यूएसबी साऊंड कार्ड. आणि हमिंग जावं म्हणून प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकणारे महाभाग असतात. कृपा करून तसं करू नका. ती पिन शॉक बसू नये म्हणून आहे.

त्या गृहस्थांची टेप एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं जोडून दिली. चुरगळलेला चार-पाच सेकंदांचा तुकडा तेवढा कापावा लागला. या खेपेला ॲम्प्लिफायर काढून डेक थेट लॅपटॉपच्या यूएसबी साऊंड कार्डाला, लॅपटॉप बॅटरीवर, वायर दीड मीटरची. ओव्या स्वच्छ उतरल्या, खाली जातं फिरताना ऐकू येतं. कापलेला तुकडा त्यांनी पहिल्या फाईलमधून घेतला आहे. तिथे एका चरणापुरतं हमिंग येतं आणि जातं. ते त्यांनी राहू दिलं आहे.