खाडी कुठवर आली?



महामार्गावरून जाणाऱ्यांना आमचं मनोर गाव चहापुरतं ठाऊक. आज आपण दिवसभर थांबणार, याचा आनंद आहे.

पाण्याची परिषद इथेच का? एकीकडे वैतरणेच्या खाडीतून खारं पाणी वर चढतं. दुसरीकडे वैतरणेला मिळणाऱ्या सूर्या नदीवरच्या प्रकल्पाचं गोडं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे जातं. योजना दिवसाला 403 दशलक्ष लिटरची. शहरांनी तहानलेलं राहावं असं कुणीच म्हणणार नाही. पण वरून येणारं गोडं पाणी घटलं, तर खाडी किती वर सरकते, हे मोजायला नको?

मोजमापाला कायद्यातही जागा आहे. खाडीकाठी किनारी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, हद्द क्षारतेवर ठरते: वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत हजार भागांत पाच भाग क्षार जिथवर सापडतील, तिथवर. विज्ञानातला एक आकडा धोरणात उतरला, तो असा. पण नकाशावरची रेघ जागची हलत नाही, खाडी हलते. शिवाय लिटरमागे चार ग्रॅम क्षारांचं पाणी या रेघेबाहेर राहतं, आणि पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक पर्याय नसेल तरच दोन ग्रॅमपर्यंत सूट देतं. सीआरझेडचा नियम पिण्याच्या पाण्यासाठी नाही, हे मान्य. मग विहिरीची रेघ कोण आखणार?

केळवे-माहीमच्या पानवेलींना गोडं पाणीच लागतं. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. उपशानं त्याची समुद्रसपाटीवरची पातळी एक मीटरने उतरली, की खालचं खारं पाणी सुमारे चाळीस मीटर वर येतं, असा शास्त्राचा ढोबळ हिशेब आहे. एकदा मचूळ झालेली विहीर दोन-चार पावसाळ्यांत सुधारेलच असं नाही.

आणि पाण्याला धोका फक्त खाराचाच नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीबद्दल वेगळं काय सांगू? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात 93.69 गुणांनी आम्ही देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत पहिले आलो. अशा पहिल्या नंबरासाठी सत्कार करत नाहीत!

यजमान म्हणून एकच मागणं. किनारपट्टीच्या विहिरी आणि खाडीतलं पाणी दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मोजलं जावं, आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत आणि त्यांवरून दर पाच वर्षांनी हद्द तपासली जावी, असा ठराव आपण करावा. मसुदा तयार आहे. सूचना जेवणाच्या सुट्टीपूर्वी समितीकडे द्याव्यात, ही विनंती.