सुटकेचं कर्ज



२०१७ च्या खरिपात आपल्या वाशीमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या बातम्यांनी आपल्याकडच्या शिवारातही धास्ती भरली आणि ते योग्यच झालं. फवारणीहून आलेल्या माणसानं साबणानं हातपाय धुवावेत, कपडे बदलावेत, मगच भाकरीला हात लावावा. अशी भीती माणसाला जगवते. तिच्यावर उपचार करायचा नसतो, तिचं ऐकायचं असतं.

आता दुसरा माणूस पाहा. हा माझ्या कल्पनेतला शेतकरी आहे, पण त्याच्यासारखी माणसं मानसोपचाराच्या ओपीडीत नेहमी येतात. फवारणी होऊन महिना उलटलाय. पंप गोठ्याच्या भिंतीला टांगलेला आहे. हा त्या भिंतीजवळून नुसता गेला, तरी हौदावर जाऊन हात धुतो. एकदा धुऊन पटत नाही, म्हणून कोपरापर्यंत धुतो, मग पुन्हा बोटांपासून सुरुवात. साबणाची वडी दोन दिवस पुरत नाही. लेकराला जवळ घेत नाही, आपल्या हातचं विष त्याच्या पोटात जाईल म्हणून. बायकोला विचारतो, "हात साफ हायेत ना वं?" ती म्हणते, "हो ना. काहून इचारता घडीघडी?" पाच मिनिटं बरं वाटतं. सहाव्या मिनिटाला तो पुन्हा हौदावर.

हे अती होतंय हे त्यालाही कळतं. तो वेडा नाही आणि नाटकीही नाही. या आजाराला डॉक्टर ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. त्याचे दोन भाग असतात. एक, मनात घुसणारा नकोसा विचार. दुसरा, तो विचार शमावा म्हणून केलेली कृती. ही कृती हातांनीच होते असं नाही. मनातल्या मनात आकडे मोजणं, ठरावीक वेळा नाव घेणं, घडलेलं आठवून आठवून खात्री करणं, याही कृतीच.

आज मला सांगायचंय ते एवढंच, की अशी भीती टिकून राहते ती सुटकेच्या जोरावर. हात धुतल्यावर मिळणारी पाच मिनिटांची शांतता ही सावकाराकडून उचललेल्या पैशासारखी असते. आजची नड भागते, पण मुद्दल तसंच राहतं आणि व्याज चढत जातं. पुढच्या खेपेला तेवढ्याच शांततेसाठी जास्त धुवावं लागतं. आणि "धुतलं म्हणून वाचलो" हा समज दर वेळी पक्का होतो. न धुता काय झालं असतं, हे त्या माणसाला कधी कळतच नाही. होबार्ट मॉवरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४७ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचं सार हेच आहे: भीती एकदा शिकली जाते आणि टाळाटाळीनं टिकवली जाते.

मग उपचारही सरळ आहे. सोपा नाही, पण सरळ आहे. भीतीच्या समोर जायचं, आणि सुटकेची कृती करायची नाही. याला एक्स्पोजर थेरपी म्हणतात.

या कल्पनेची मुळं जुनी आहेत. १९२४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, तीन वर्षांचाही नसलेल्या मुलावर केलेल्या उपचाराची नोंद प्रसिद्ध केली. पीटरला पांढऱ्या उंदराची भीती होती, ती वाढत वाढत ससा, फरचा कोट आणि कापसापर्यंत पोचली होती. जोन्स त्याला आवडीचं खायला देत आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या लांबच्या टोकाला ठेवत. रोज तो थोडा पुढे येई. न घाबरणारी दुसरी मुलंही सोबत असत. शेवटी ससा पीटरची बोटं कुरतडू लागला आणि पीटर त्याला कुरतडू देऊ लागला.

मंत्रचळावर मात्र बराच काळ काही चालत नव्हतं. मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यापर्यंत मजल गेली होती. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांची हकीकत छापली. त्यांना ज्या गोष्टींची धास्ती होती त्यांच्याशी मुद्दाम गाठ घालून दिली, आणि नंतरची धुण्याची किंवा मनातली कृती होऊ नये म्हणून परिचारिका सतत सोबत राहिल्या. दोघंही बरेच सुधारले. 'सामोरं जा आणि कृती रोखून धर' ही आजची पद्धत तिथून वाढली. आज मात्र कोणी नर्स हात धरत नाही. रोखणारा रुग्ण स्वतः असतो, त्याच्या संमतीशिवाय एक पायरीही चढली जात नाही.

मराठी वाचकाला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस परके नाहीत. किशोर फडके यांनी त्यांची विचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली, अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीनं तो माणूस घरोघर पोचवला. भीतीच्या समोर जाण्याचा प्रयोग एलिस यांनी स्वतःवरच केला होता. ते एकोणीस वर्षांचे होते तेव्हा मुलींशी बोलायच्या कल्पनेनंच त्यांची गाळण उडे. त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली कोणी दिसली की एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची, असं ठरवलं. १३० जणींकडे ते गेले. ३० उठून गेल्या, १०० बोलल्या. एकीनं भेटायचं कबूल केलं, ती आली नाही. हिशेबानं पाहिलं तर पदरी शून्य. पण कोणी किंचाळलं नाही, पोलीस आले नाहीत, आकाश कोसळलं नाही. एलिसना भेट नको होती, हा पुरावा हवा होता.

आता हाच उपचार आपल्या रस्त्यावर आणू. समजा, वाशीमच्या एका तरुणाला एसटीत एकदा छातीत धडधडलं, घाम फुटला, आता मरतो असं वाटलं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दोष निघाला नाही. पण तेव्हापासून अकोल्याची बस बंद. कॉलेज सुटलं, मुलाखत हुकली. त्याच्यासाठी थेरपिस्ट आणि तो मिळून एक यादी करतील. प्रत्येक पायरीला भीतीचे शंभरपैकी गुण. बसस्थानकावर उभ्या गाडीत दहा मिनिटं बसणं, तीस गुण. मालेगावपर्यंत भावासोबत जाणं, पन्नास. एकट्यानं मेडशीपर्यंत, पासष्ट. पातूरचा घाट ओलांडणं, ऐंशी. खच्चून भरलेल्या गाडीत खिडकीपासून लांब उभं राहून थेट अकोला, शंभर. शिवाय घरच्या अंगणात जागेवर पळून मुद्दाम धडधड वाढवायची, म्हणजे धडधड आणि मरण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे शरीरालाच कळतं.

यात एक बारकावा सुटला तर सगळं फुकट जातं. तो तरुण गाडीत बसला, पण मुठीत ताईत, मांडीवर पाण्याची बाटली, फोनवर बहिणीशी अखंड बोलणं, जिभेखाली शांत करणारी गोळी. अकोल्याला पोचला तरी मन म्हणतं, ताईतानं तारलं. म्हणून या कुबड्याही एकेक करून बाजूला ठेवायच्या असतात. गोळ्यांच्या बाबतीत मात्र स्वतःच्या मनानं काही करू नका, कमीजास्त करणं हे डॉक्टरांचं काम.

प्रत्येक पायरीआधी वहीत एक ओळ लिहायची: मला काय होईल असं वाटतं? "घाटात बेशुद्ध पडेन." परतल्यावर दुसरी ओळ: प्रत्यक्षात काय झालं? "घाम आला, पोटात ढवळलं, पडलो नाही." पूर्वी समज असा होता, की भीती ओसरेपर्यंत तिथं थांबलं की काम झालं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या गोष्टीवर भर दिला. जुनी शिकवण पुसली जात नाही, तिच्यावर मात करणारी नवी शिकवण तयार होते. ती तयार होते अपेक्षा आणि अनुभव यांच्यातल्या तफावतीमुळे. म्हणून सराव वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी हवा, आणि सहा महिन्यांनी भीती पुन्हा डोकावली तर उपचार फसला असं समजू नये. वही काढायची, दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढायचं.

विचारांचं काय? साप, बस, उंची, यांच्यासमोर जाता येतं. मनातल्या विचारासमोर कसं जायचं? आणि इथंच लोक सगळ्यात जास्त लपवतात. बाळंतीण विळीवर भाजी चिरतेय आणि मनात येतं, ही विळी बाळाला लागली तर? मी लावली तर? ती हादरते. विळी माळ्यावर जाते, बाळ सासूकडे. कारंज्याच्या गुरुमंदिरात हात जोडून उभ्या असलेल्या भाविकाच्या मनात अचानक अभद्र शिवी येते. तो मंदिरात जाणंच सोडतो. ही माणसं कोणाला सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं असा विचार फक्त राक्षसाच्याच मनात येतो.

१९७८ मध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा यांनी ज्यांना कुठलाही मानसिक आजार नाही अशा माणसांना विचारलं, तुमच्या मनात असे नकोसे, घाणेरडे, हिंसक विचार येतात का? दहातल्या आठ जणांनी हो म्हटलं. विचारांचा मजकूर रुग्णांच्या विचारांसारखाच होता. फरक पुढच्या क्षणात होता. बाकीचे "काय पण मनात येतं" म्हणून पुढे जातात. मंत्रचळाचा रुग्ण त्या विचाराला स्वतःच्या चारित्र्याचा दाखला मानतो आणि तो पुसायला लागतो. त्या बाळंतिणीला विचार भयंकर वाटतो, कारण बाळ तिला प्रिय आहे. तिचा उपचार म्हणजे विळी माळ्यावरून खाली, बाळ त्याच खोलीत, आणि विचार आला तरी भाजी चिरणं चालू. त्याआधी डॉक्टरांनी नीट तपासून हे मंत्रचळच आहे, बाळंतपणानंतरचा दुसरा गंभीर आजार नाही, याची खात्री करायला हवी. हे काम घरच्या घरी करायचं नाही.

मर्यादाही सांगतो. विजा कडाडताना शेतात उभं राहणं याला एक्स्पोजर म्हणत नाहीत, मूर्खपणा म्हणतात. सापाची भीती घालवायला साप हातात द्यावा लागत नाही. रक्त पाहून किंवा सुई टोचताना ज्यांना भोवळ येते, त्यांचा रक्तदाब खरोखर खाली येतो. त्यांना आधी हातापायांचे स्नायू आवळून रक्तदाब वर ठेवायला शिकवतात. स्वीडनच्या लार्स-योरान ऑस्ट यांनी ही रीत १९८० च्या दशकात विकसित केली. याच ऑस्ट यांनी एखाद्याच वस्तूच्या भीतीवर तीन तासांच्या आतली एकच बैठक बहुतेकांना पुरते हे दाखवलं. मंत्रचळाला मात्र साधारण पंधरा-वीस बैठका लागतात, बऱ्याच जणांना सोबत औषधं लागतात, आणि काही जण अर्ध्यावर सोडून जातात. मुलाला अंधाऱ्या खोलीत कोंडून "घालव भीती" म्हणणं हा तर उपचार नव्हेच, तो छळ आहे. त्यातून मूल एवढंच शिकतं, की घरच्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये बारा राज्यं पाहिली गेली. त्यात महाराष्ट्र नव्हता. तिथं प्रौढांमध्ये मंत्रचळाचं प्रमाण हजारी सुमारे आठ निघालं. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ बारा लाख होती. त्यातले साडेसात लाख प्रौढ धरले आणि तेच प्रमाण लावलं, तर अंदाजे सहा हजार माणसं होतात. ती कुठं आहेत? न्हाणीघरात, हौदावर, कुलपापाशी, देवघरात. दवाखान्यात फार थोडी.

२०१५ मध्ये राज्य सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात वाशीम आहे. आशाताई घरोघरी जाऊन शेतकरी कुटुंबातली उदासी हेरू लागल्या. माझी सूचना अशी, की त्यांच्या प्रश्नांत दोन प्रश्न वाढवावेत: एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा केल्याशिवाय चैन पडत नाही का? भीतीमुळे एखादं ठिकाण, वस्तू किंवा प्रवास सोडून दिलाय का? सहा हजारांतले बरेच जण एवढ्यानं सापडतील. आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लिहून घ्या. तो २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

शेवटी घरच्यांसाठी. "हात साफ आहेत ना?" याला वीस वेळा "हो" म्हणणारी बायको प्रेमानंच बोलते, पण ते कर्ज तीच पुरवत असते. एकदम तोंड फिरवू नका, चिडवू नका. थेरपिस्टसह तिघांनी बसून ठरवा आणि मग असं म्हणा: "तुम्हाला लई भीती वाटून राहिली, हे दिसते मले. पण याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलं आहे. मी इथंच बसते." पहिल्या आठवड्यात घरात रडारड होईल. आवाज चढतील. तरी उत्तर द्यायचं नाही आणि उठूनही जायचं नाही. एवढं जमलं तर निम्मा उपचार घरातच होतो.

आता प्रश्नोत्तरं. कार्यकर्ते कोऱ्या चिठ्ठ्या वाटतील. प्रश्न स्वतःचा असेल तर "माझ्या एका मित्राला" असं लिहायची गरज नाही, आणि नावही लिहू नका.