लेकरांसह मुंबईत मुक्काम

ताई, मावशी, काकू, आजी, ज्या कुणी आत्ता रेडिओजवळ आहात, हातातलं काम चालू राहू द्या. भाजी निवडता निवडता ऐकायचं असंच आजचं बोलणं आहे.

आज आपण हॉटेलबद्दल बोलू. हॉटेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नाक्यावरचा चहा-वडा येतो. राहायच्या जागेला आपण लॉज म्हणतो, आणि लॉज हा शब्द घरात मोठ्याने काढला की सासूबाई मान वर करून बघतात. आमच्या गटात हा विषय निघाला तेव्हा असंच झालं. "बायकांनी, पोरंबाळं घेऊन, लॉजवर? कशाला?"

कशाला, ते आधी सांगतो. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, हे खरं. पण संध्याकाळी सहाच्या विरार फास्टमध्ये कडेवर झोपलेलं पोर, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला मोठं पोर धरून ज्या चढल्यात त्यांना विचारा. ती गर्दी टाळायची तर दुपारी तीनलाच परतीला लागायचं. मग मुलांनी मुंबई पाहिली कधी?

आणि दुसरं एक कारण. आपल्यातल्या कितीतरी जणी पहाटेच्या गाडीने दादरला फुलं, भाजी घेऊन जातात. मुंबई आपल्याला नवी नाही. पण मुंबईत रात्र कुणी कुणी काढली आहे, असं बैठकीत विचारलं तेव्हा तीन हात वर झाले, आणि तिन्ही रात्री इस्पितळाबाहेरच्या. आमच्या गटातल्या एक काकू यजमानांच्या आजारपणात परळला सतरा रात्री फुटपाथवर झोपल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला एकदा मुंबईत पलंगावर झोपायचंय." मग पुढे कुणी कशाला विचारलं नाही.

सासूबाईंना मात्र आम्ही वेगळं उत्तर दिलं. म्हटलं, लोकमान्य टिळक मुंबईला आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरायचे. ते राहण्या-जेवण्याचं ठिकाणच होतं. १ ऑगस्ट १९२० ला त्यांनी शेवटचा श्वास घेतला तोही तिथेच. टिळकांना चाललं ते आम्हाला चालेल ना? सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, मग मीही येते.

अशा आम्ही पाच बायका आणि चार मुलं. सगळ्यांत लहान चार वर्षांचा, मोठी अकराची. दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस आणि मधली एक रात्र ठरली. पैशासाठी गटाच्या बचतीला हात लावला नाही, सहलीसाठी अंतर्गत कर्जही घेतलं नाही. आठवड्याला २५ रुपयांचा वेगळा डबा आम्ही वर्षभर आधी सुरू केला होता. वर्षाचे प्रत्येकीचे १,३०० झाले.

आता आमची चूक ऐका. मोबाईलवर फोटो बघून फोर्टातलं एक लॉज पसंत केलं. पांढऱ्या चादरी, उशीवर गुलाबाचं फूल. फोन केला, "फॅमिली रूम आहे का?" "आहे." हजार रुपये आगाऊ पाठवले. सकाळची गर्दी सरल्यावर निघालो, चर्चगेटला उतरलो, सामान घेऊन चालत पोचलो. काउंटरवरच्या माणसाने आमच्या मागे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग विचारलं, "जेन्ट्स कोण आहे बरोबर?" म्हटलं, कुणी नाही. "मग ही फॅमिली कशी? खोली नाही मिळणार."

नऊ जणांची फॅमिली, तीन पिढ्या समोर उभ्या, आणि खोली नाही. बरोबर पुरुष नसेल तर बायकांना खोली देऊ नये, असा कुठलाही कायदा नाही. ते आम्ही त्याला सांगितलंही. पण कायदा बोलून पलंग मिळत नाही, आणि मिळाला असता तरी तिथे आम्हाला झोप लागली नसती. आगाऊ दिलेले हजार परत घ्यायला अर्धा तास गेला. लहानग्याला तहान लागलेली, काकू गप्प. त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

तेव्हा आम्हाला आमच्या गावची मुलगी आठवली. ती रोज आठच्या गाडीने फोर्टला कामाला जाते. फोन केला तशी जेवणाच्या सुट्टीत धावत आली. इथे आम्हाला जे कळलं ते सगळ्यांत मोलाचं. लांबून येणाऱ्या पर्यटकाला फोटोवर भिस्त ठेवावी लागते. आपल्या वसई-विरारच्या प्रत्येक गावातून रोज चर्चगेटला जाणारं कुणीतरी असतंच. त्याला नाहीतर तिला आधी सांगायचं, "बाई, दोन जागा डोळ्यांनी बघून ये." आम्ही ते आधी केलं असतं तर भर दुपारी सामान वाहत हिंडलो नसतो.

तिच्याबरोबर आणखी दोन ठिकाणं पाहिली. पहिलं स्वस्त होतं, पण खोलीला खिडकीच नाही. मुंबईच्या जुन्या इमारतींत मोठ्या खोलीला फळ्या ठोकून दोन-तीन खोल्या केलेल्या असतात, त्यातली ही. जायला-यायला एकच अरुंद लाकडी जिना. आम्ही तिथून परत फिरलो. २९ एप्रिल २०२५ ला कोलकात्याच्या बडाबाजारात एका हॉटेलला आग लागून १४ माणसं गेली, बरीचशी धुराने गुदमरून. तोही भर बाजारपेठेतलाच भाग. म्हणून खोली बघताना चादर नंतर बघा. आधी खिडकी उघडते का बघा, जिना कुठे आहे, दुसरा जिना आहे का, त्यावर पेट्या-खोकी रचली आहेत का, हे बघा. मुलांनाही एकदा वरून खाली चालवून दाखवा.

दुसरी जागा घेतली. सीएसएमटीच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर, एक बाई काउंटरवर. खाली परमिट रूम नव्हती, इडली-डोशाचं हॉटेल होतं आणि ते रात्री उशिरापर्यंत चालू असायचं. याला महत्त्व आहे. फोर्टात दिवसा पाय ठेवायला जागा नसते, पण हापिसं सुटली की काही गल्ल्या अगदी सुन्या होतात. दिवसाची गजबज बघून जागा ठरवली तर रात्री पोरांना घेऊन अंधाऱ्या गल्लीतून यावं लागेल. जिथे रात्रीही दोन दुकानं उघडी असतात, अशा रस्त्यावरची जागा घ्यावी.

मध्यवस्तीत पैसे जास्त पडतात. लांब उपनगरात तेवढ्याच पैशात मोठी खोली मिळेल. पण लहान मुलं बरोबर असली की खोलीच्या आकारापेक्षा अंतर महत्त्वाचं. आमचा चार वर्षांचा नातू पहिल्याच दिवशी म्युझियममध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, हत्ती-वाघ बघून तासाभरात पेंगुळला. टॅक्सीने पाच-दहा मिनिटांत खोलीवर आणला, आजीजवळ झोपवला, आणि बाकीचे पुन्हा निघाले. आजीलाही पाय पसरायला मिळाले. लांब राहिलो असतो तर एकाच्या झोपेपायी नऊ जणांचा दिवस गेला असता. दुसऱ्या दिवशी राणीची बाग. सीएसएमटीहून भायखळा लोकलने दहा मिनिटांत. पेंग्विन बघताना मुलांपेक्षा सासूबाईच जास्त वेळ उभ्या राहिल्या. राणीची बाग बुधवारी बंद असते हं, दिवस ठरवताना ध्यानात ठेवा.

खर्च सांगतो. दोन खोल्यांचे मिळून रात्रीचे ५,०००, दोन जादा गाद्यांचे ६००, त्यावर ५ टक्के जीएसटी २८०. एकूण ५,८८०, म्हणजे प्रत्येकीला १,१७६. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच कर आहे, कुणी १२ लावला तर विचारा. आणि भाव ठरवताना "सगळं धरून किती?" हेच वाक्य वापरा, नाहीतर गादी, गरम पाणी, पंखा-एसी असं एकेक नंतर वाढत जातं.

फोनवर आता आम्ही काय विचारतो? पहिलं म्हणजे स्पष्ट सांगतो, "आम्ही फक्त बायका आणि मुलं आहोत, चालेल ना?" हे आधी विचारायची लाज वाटते, पण दारात परत पाठवण्यापेक्षा ती बरी. मग किती वाजता खोली मिळते, किती वाजता सोडायची, आणि सोडल्यावर संध्याकाळपर्यंत सामान ठेवू देता का. कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का. संडास खोलीत आहे का, आणि कमोड आहे की बसायचा. हसू नका, सासूबाईंचं अर्ध्या दिवसाचं गणित त्यावर होतं. किती वर्षांच्या मुलापर्यंत पैसे लागत नाहीत. घरची भाकरी-चटणी खोलीत खाल्ली तर चालते का. लहान बाळ असेल तर दूध कुठे तापवता येईल. हेच प्रश्न दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वेळेला पुन्हा फोन करून विचारतो. उत्तरं बदलली तर ती जागा सोडून देतो.

आगाऊ पैसे शक्यतो पाठवू नका, "आल्यावर देऊ" म्हणा. हॉटेलच्या नावाने खोटे नंबर आणि खोट्या साइटही फिरतात. पैसे फसून गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. आधारची झाकलेली प्रत मिळते, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. आम्ही तीच दिली, चालली. खोलीवर गेल्या गेल्या हॉटेलचं कार्ड चारही मुलांच्या खिशात घातलं, मागे आमचा मोबाईल नंबर लिहून.

कुणी विचारेल, मुंबई सेंट्रल स्टेशनातच झोपायचे डबे झालेत ना? झालेत, २०२१ पासून. एकट्या प्रवाशाची सोय चांगली आहे. पण आईला बिलगून झोपणाऱ्या पोराचं तिथे काय करणार?

रात्री जेवून आम्ही सगळ्या सीएसएमटी बघायला गेलो. दिव्यांनी उजळलेली ती इमारत मुलांनी कधी रात्री पाहिलीच नव्हती, आपण तिच्याजवळ असतो तेव्हा गाडी पकडायच्या घाईत असतो. परत आलो तेव्हा दहा वाजले होते. काकू खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या. खाली रस्त्यावर माणसं झोपायची तयारी करत होती. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिथून वेगळंच दिसतं गं." आणि जाऊन पलंगावर आडव्या झाल्या. सकाळी त्यांना उठवायला लागलं, तेही साडेसातला. एरवी पाचला उठणारी बाई!

आता मे महिन्यात नाशिकला जायचं घाटतंय. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहेच. मुक्काम पंचवटीत करायचा की सीबीएसजवळ, यावर दोन तट पडले आहेत. नाशिकला तुमच्यापैकी कुणाची माहेरवाशीण असेल, तर तिला दोन जागा डोळ्यांनी बघून यायला सांगा, आणि आम्हाला बैठकीत कळवा. सासूबाईंचा प्रश्न तिला आधीच सांगून ठेवा: बसायचा आहे की कमोड?