इटलीच्या रानातली अळंबी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



इटलीत लेकीकडे असताना शिकलेला एक साधा पदार्थ आज सांगते. तिकडे शरद ऋतूत रानात पोर्चिनी नावाची अळंबी उगवते. चौघांसाठी ४०० ग्रॅम मैदा ४ अंड्यांत घट्ट मळावा, पातळ लाटून त्याच्या लांब पट्ट्या कापाव्यात. अळंबी भिजवू नये. ओल्या फडक्याने पुसून चिरावी. ऑलिव्हच्या तेलात लसूण परतून ती घालावी व सुटलेले पाणी आटू द्यावे. पट्ट्या मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत शिजतात. त्यातलेच पळीभर पाणी अळंबीत घालावे, म्हणजे रस दाट होऊन पट्ट्यांना धरतो.

पण कृतीहून मोलाची आहे ती तिथली सावधगिरी. रानातून आणलेली टोपली सरकारी आरोग्यखात्याच्या तपासनिसाला दाखवता येते. १९९३ च्या कायद्याने तशी सोय केली आहे. कारण एका जातीच्या अळंबीचे विष शिजवूनही जात नाही. चांदीचा चमचा काळा पडला नाही, एवढ्यावर विसंबू नये. उलट्या बहुधा सहा तासांनंतर सुरू होतात, मध्ये बरे वाटते, आणि आत यकृत नासत असते.

आपणही पावसाळ्यात वारुळावरची अळंबी आवडीने खातो. ती नक्की ओळखणारे जाणते माणूस जवळ नसेल, तर बाजारातली लागवडीची आणावी. शंका आली की पातेल्यात घालू नये. घरच्यांचा जीव आपल्या हाती असतो.